रकान्यातले शून्य

दलित आत्मकथने प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा ‘हे साहित्य नव्हे, हा समाजशास्त्राचा दस्तऐवज आहे’ असा आक्षेप प्रस्थापित समीक्षेने घेतला होता. त्या आक्षेपाला उत्तरे दिली गेली आणि ती चांगली दिली गेली. पण त्या वादात एक गोष्ट दोन्ही बाजूंनी न बोलता गृहीत धरली. दस्तऐवज म्हणजे काहीतरी निर्विकार, निःपक्षपाती, समीक्षेची गरज नसलेले. कवितेचा निवेदक कोण, तो कोठे उभा आहे, कशाबद्दल तो गप्प आहे, हे आपण विचारतो. सरकारी तक्त्याला मात्र यातले काहीच विचारत नाही. तक्त्यातला एक आकडा उचलतो, मोर्चाच्या फलकावर लिहितो, आणि समोरच्याने दुसरा आकडा आणला की चिडतो. प्रस्तुत लेखात तक्ता हीच संहिता मानून तिची समीक्षा करायची आहे. विशेषतः असा तक्ता, ज्यातले आकडे मोजलेले नसून अनुमानाने काढलेले आहेत, आणि ते अनुमानही काही बंधने पाळून काढलेले आहे.

संख्याशास्त्रात माहितीचे दोन प्रकार मानतात. एक, जिची सरासरी काढता येते: उंची, मजुरी, पाऊस. दुसरी वर्गवार माहिती: धर्म, जात, लिंग, गाव की शहर. महार आणि मांग यांची सरासरी निघत नाही. येथे फक्त रकाने करता येतात आणि प्रत्येक रकान्यात किती माणसे ते मोजता येते. भारतीय समाजाबद्दलची जी माहिती आपल्या जिव्हाळ्याची आहे ती जवळजवळ सगळी या दुसऱ्या प्रकारची आहे. म्हणून रकाना कोणी आखला, हा प्रश्न येथे आकड्याच्याही आधी येतो.

आता समजा सगळ्यांची मोजणी झालेली नाही, फक्त नमुना पाहणी झाली आहे. नमुन्यातून मिळालेला तक्ता आणि आधीच माहीत असलेल्या एकूण बेरजा जुळत नाहीत. मग काय करायचे? बेरजा जुळतील असे असंख्य तक्ते मांडता येतात. त्यांतून एक निवडायचा. निवडण्यासाठी कसोटी लागते, आणि ती कसोटी कमाल किंवा किमान करणारे उत्तर शोधावे लागते. पाठ्यपुस्तके याला इष्टतमीकरण म्हणतात. शब्द जड आहे, व्यवहार साधा आहे. ठरावीक पैशांत घर चालवणारी आई महिनाभर हेच करत असते. फरक एवढाच की आपली बंधने कोणी घातली हे तिला पक्के ठाऊक असते.

या पद्धतीचा एक प्रसिद्ध उगम अमेरिकेच्या १९४० च्या जनगणनेत आहे. त्या जनगणनेत प्रथमच नमुना पद्धत वापरली गेली. नोंदीच्या प्रत्येक पानावर ठरावीक ओळींत येणाऱ्या व्यक्तींना, म्हणजे शेकडा ५ लोकांना, जादा प्रश्न विचारले गेले. साहजिकच नमुन्याच्या बेरजा आणि पूर्ण मोजणीच्या बेरजा किंचित वेगळ्या आल्या. एडवर्ड्स डेमिंग आणि फ्रेडरिक स्टीफन यांनी १९४० मध्ये एका निबंधात उपाय मांडला. आधी प्रत्येक ओळीला अशा संख्येने गुणा की ओळीची बेरीज बरोबर येईल. त्यामुळे स्तंभांच्या बेरजा बिघडतील. मग स्तंभांना गुणा. पुन्हा ओळी बिघडतील, पुन्हा गुणा. काही फेऱ्यांत तक्ता स्थिरावतो. आपण वर्गांच्या बेरजेची किमान कसोटी पाळत आहोत अशी त्यांची समजूत होती. ती बरोबर नव्हती, हे स्टीफनने स्वतःच दोन वर्षांत दाखवले. ही पद्धत नेमके काय किमान करते ते आयर्लंड आणि कुलबॅक यांनी १९६८ मध्ये नीट मांडले. बेरजा पाळणाऱ्या सर्व तक्त्यांपैकी मूळ तक्त्यापासून कमीत कमी दूर असलेला तक्ता ती निवडते. ‘दूर’ म्हणजे माहितीच्या एका विशिष्ट मापाने दूर.

येथे थांबले पाहिजे. बंधने भाग पाडतील तितकेच बदला, त्याहून कणभरही अधिक बदलू नका, असा या गणिताचा स्वभाव आहे. हा सल्ला आपल्याला अपरिचित नाही. सुधारकांच्या अनेक पिढ्यांनी तो आपल्याला दिला आहे. गणिताला त्यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. पण त्याचा परिणाम काय होतो तो पाहावा. एक कल्पित गाव घेऊ. नमुन्यात शंभर घरे आली. गावकुसाच्या आत ४० घरांना जमीन, २० घरांना नाही. बाहेर ५ घरांना जमीन, ३५ घरांना नाही. तिरपे गुणाकार करा: ४० गुणिले ३५ म्हणजे १४००, २० गुणिले ५ म्हणजे १००. गुणोत्तर १४. आत असणे आणि जमीन असणे यांचा संबंध किती घट्ट आहे, त्याचे हे माप. आता नव्या मोजणीच्या कोणत्याही बेरजा आणा, वस्ती वाढू द्या, जमिनीवाले कमी होऊ द्या, डेमिंग-स्टीफन पद्धतीने तक्ता जुळवा. आतले चारही आकडे बदलतील. हे १४ मात्र जसेच्या तसे राहील. ओळींना आणि स्तंभांना गुणून ते बदलूच शकत नाही. म्हणजे नव्या बेरजांच्या चौकटीत जुन्या पाहणीतला संबंध सुखरूप बसलेला असतो. पाहणी वीस वर्षांपूर्वीची असेल तर वीस वर्षांपूर्वीचा गाव आजच्या तारखेने छापला जातो, आणि बेरजा चोख जुळत असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नमुन्यात बाहेरच्या वस्तीतले जमीन असलेले एकही घर सापडले नाही, त्या रकान्यात शून्य पडले, तर शून्याला कितीही वेळा गुणले तरी शून्यच. संख्याशास्त्रज्ञ दोन शून्यांत फरक करतात. एक योगायोगाचे: माणसे आहेत, आपल्या नमुन्यात आली नाहीत. दुसरे रचनेचे: तेथे माणूस असूच शकत नाही. यंत्राला हा फरक कळत नाही. तो माणसाने सांगावा लागतो. तेव्हा कोणते शून्य कोणत्या जातीचे (हा शब्द येथे मुद्दाम वापरतो) हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, हा या साऱ्या गणिताचा गाभा आहे.

बेरजांविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘माहीत असलेल्या’ बेरजा माहीत असतातच असे नाही. १९४० मध्येच अमेरिकेत सक्तीच्या लष्करभरतीसाठी तरुणांची नोंदणी झाली. जनगणनेचे आकडे आणि ही नोंदणी ताडून डॅनियल प्राइस या अभ्यासकाने १९४७ मध्ये दाखवले की जनगणनेवरून जितके पुरुष अपेक्षित होते त्याहून एकंदर सुमारे ३ टक्के जास्त पुरुषांनी नाव नोंदवले. काळ्या पुरुषांच्या बाबतीत हा फरक सुमारे १३ टक्के होता. युद्धासाठी माणूस हवा तेव्हा तो सापडतो, मोजायचा असतो तेव्हा सापडत नाही. ज्या बेरजांना पक्के बंधन मानून नमुन्याचे तक्ते जुळवले जात होते त्या बेरजांतच काळा माणूस कमी होता. १९७२ मध्ये मुंबईत पँथर हे नाव घेणाऱ्या तरुणांना त्या समाजाशी आपले नाते का वाटले, याची कारणे अनेक आहेत. त्यांत हेही एक धरायला हरकत नाही.

आता महाराष्ट्राकडे येऊ, कारण रचनेच्या शून्याचे इतके स्वच्छ उदाहरण जगात इतरत्र क्वचितच मिळेल. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंखेरीज अन्य धर्माची व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही असे ठरवले. शिखांच्या काही जातींना पंजाबात सुरुवातीपासून अपवाद होता. १९५६ मध्ये तो सर्व शीख दलितांना लागू झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला जे घडले ते वाचकांना सांगायला नको. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. ही सारी माणसे जनगणनेच्या तक्त्यात बौद्ध म्हणून दिसली आणि त्याच क्षणी दुसऱ्या तक्त्यातून नाहीशी झाली. धर्म आणि अनुसूचित जाती यांचा जोडतक्ता मांडला तर ‘बौद्ध’ या ओळीत ‘अनुसूचित जाती’ या स्तंभाखाली शून्य. १९६१ ला शून्य, १९७१ ला शून्य, १९८१ ला शून्य. हे शून्य कोणी मोजून लिहिलेले नव्हते. ते कायद्याने छापून ठेवलेले होते.

१९९० मध्ये कायदा बदलला, बौद्धांचा समावेश झाला. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ मध्ये ७.१४ टक्के होते, ते १९९१ मध्ये ११.०९ टक्के झाले. संख्या दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट झाली. एवढी मुले कोणाच्या घरी जन्मली नव्हती. एका रकान्यावरचे बंधन तेवढे उठले होते. १९८१ पर्यंतचे तीन तक्ते हाती घेऊन एखाद्या निष्णात संख्याशास्त्रज्ञाने १९९१ चे अनुमान काढले असते तर ते गणिताच्या प्रत्येक नियमात बसले असते, त्याच्या बेरजा जुळल्या असत्या, चुकीची मर्यादाही त्याने अगदी अरुंद दाखवली असती, आणि उत्तर लाखोंनी चुकले असते. मर्यादा अरुंद आली असती ती बंधनामुळेच. बंधन जितके कडक तितके अनुमान निश्चित दिसते, हे या शास्त्रातले सूत्र आहे. बंधन खोटे असले तरी निश्चितपणा तेवढाच दिसतो, हे सूत्राच्या शेजारी लिहिलेले नसते.

शिवाय अशा बंधनाने फक्त तक्ता बिघडत नाही, उत्तर देणारा माणूसही कोंडीत सापडतो. राज्याने नवबौद्धांना आपल्या सवलती दिल्या होत्या. केंद्राच्या नोकरीत आणि राखीव मतदारसंघात मात्र धर्माचा रकाना आड येत होता. दारात प्रगणक उभा, घरात बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, आणि मुलाच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’. खरे सांगण्याला किंमत लावली की उत्तरे किमतीप्रमाणे येतात. तेव्हा १९८१ चे आकडे नुसते अपुरे नव्हते. त्यांतल्या प्रत्येक रकान्याने शेजारच्या रकान्यातून थोडी माणसे ओढून घेतली होती. २०११ च्या मोजणीत महाराष्ट्रातल्या सुमारे ६५ लाख बौद्धांपैकी सुमारे ५२ लाख अनुसूचित जातींत नोंदले गेले. शून्याच्या जागी ५२ लाख. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांच्या रकान्यात मात्र ते छापील शून्य अजून आहे. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची ही अट काढून टाकण्याची शिफारस केली, २०२२ मध्ये आणखी एक आयोग नेमला गेला. आदेशाचा तिसरा परिच्छेद आपल्या जागी आहे.

सगळी बंधने अशीच असतात असे कोणी समजू नये. शेकडेवारी उणे असू शकत नाही, सगळ्या भागांची बेरीज शंभर झाली पाहिजे, ही अंकगणिताची बंधने आहेत. ती मोडणारा तक्ता निव्वळ चुकीचा. दहावी झालेल्यांची संख्या सातवी झालेल्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, हे तर्काचे बंधन. लहान नमुन्यात आकडे हेलकावे खातात तेव्हा अशा बंधनांची फार मदत होते, आणि कार्यकर्त्यांनी आपल्या वस्ती-पाहण्यांत ती बिनदिक्कत वापरावीत. गोची होते ती समजुतीचे बंधन तर्काच्या बंधनाचा वेष घेऊन येते तेव्हा. क्रम पाळणाऱ्या अनुमानांचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्यावरचे बार्लो, बार्थोलोम्यू, ब्रेमनर आणि ब्रंक यांचे पुस्तक १९७२ सालचे. त्याची युक्ती अशी: चार वर्ग खालून वर लावले, प्रत्येकात सारखीच माणसे, आणि पाहणीत शिक्षणाचे प्रमाण अनुक्रमे २०, ३५, ३०, ५० असे आले. खालून वर प्रमाण वाढलेच पाहिजे हे बंधन असेल तर दुसरा आणि तिसरा वर्ग क्रम मोडतात. मग त्या दोघांना एकत्र करून दोघांनाही साडेबत्तीस लिहायचे. तक्ता होतो २०, साडेबत्तीस, साडेबत्तीस, ५०. आता उतरंड व्यवस्थित.

बाबासाहेबांनी जातीचे लक्षण सांगितले ते श्रेणीबद्ध विषमतेचे. कोणाला वाटेल की मग हे गणित जातीसाठीच बनले आहे. प्रत्यक्षात नेमके उलट आहे. श्रेणी हा बाबासाहेबांच्या विश्लेषणाचा निष्कर्ष होता, आणि तो आरोप म्हणून मांडला होता. तीच श्रेणी अनुमानाच्या आधी बंधन म्हणून घातली की ‘खालच्या’ वर्गाने ‘वरच्या’ वर्गाला कोठे मागे टाकले ही बातमी तक्त्यात येऊच शकत नाही. ती शेजाऱ्यात मिसळून पुसली जाते. आधी उतरंड रचायची आणि मग आकड्यांनी उतरंड सिद्ध झाली म्हणायचे, हे शास्त्र मनूलाही आवडले असते.

संख्येवरून झालेल्या भांडणांना आपल्याकडे जुना इतिहास आहे. १९३२ च्या लोथियन समितीपुढे काही प्रांतांतल्या सवर्ण पुढाऱ्यांनी आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच अशी भूमिका घेतली. तोपर्यंत त्या संख्येबद्दल असा वाद नव्हता. संख्येला मतदारसंघांची किंमत आली तेव्हा माणसे आटू लागली. बाबासाहेबांनी यावर एक प्रकरण लिहिले आहे, आणि त्याचे शीर्षकच लाखांचे अपूर्णांक कसे झाले अशा अर्थाचे आहे.

मंडल आयोगाचा अहवाल १९८० च्या डिसेंबरात सादर झाला. इतर मागासवर्गीयांची लोकसंख्या ५२ टक्के, हा त्यातला आकडा भारतीय राजकारणात एखाद्या घोषणेसारखा वावरला. समर्थकांनी तो छातीवर लावला, विरोधकांनी तो कपोलकल्पित ठरवला. ज्या तक्त्यातून तो निघाला तो वाचण्याची तसदी दोघांपैकी थोड्यांनीच घेतली. १९३१ नंतर सर्व जातींची मोजणी प्रसिद्ध झालेली नव्हती, म्हणून आयोगाने वजाबाकीचा मार्ग धरला. अनुसूचित जाती १५.०५ आणि जमाती ७.५१, मिळून २२.५६. बिगरहिंदू धर्मसमुदाय १६.१६. पुढारलेल्या हिंदू जाती, म्हणजे ब्राह्मण, रजपूत, मराठा, जाट, वैश्य, कायस्थ वगैरे, १९३१ च्या आधारे १७.५८. तिन्हींची बेरीज ५६.३०. शंभरातून ती वजा केली की उरतात ४३.७०, हे हिंदू मागासवर्गीय. बिगरहिंदूंतही मागास आहेत; तेथील प्रमाण हिंदूंइतकेच धरून १६.१६ चे ५२ टक्के, म्हणजे ८.४०. एकूण ५२.१०.

ही बंधनातली बेरीज आहे. एकच मोठे बंधन: शंभर झाले पाहिजेत. मागासवर्गीयांना येथे कोणी मोजलेले नाही. बाकी सगळ्यांना मोजून झाल्यावर जे उरले ते मागासवर्गीय. भाषेचे विद्यार्थी याला नकारार्थी व्याख्या म्हणतील. देशातला सर्वांत मोठा समाज ‘इतर’ या शब्दाने ओळखला जातो, आणि तक्त्यातही तो बाकी म्हणूनच येतो. या मांडणीचा दोष असा की इतर प्रत्येक ओळीतली चूक बाकीत येऊन साठते. आणि चुका आहेत. अनुसूचित जमातींत ख्रिस्ती आहेत, अनुसूचित जातींत शीख आहेत. ते पहिल्या ओळीत एकदा आणि धर्माच्या ओळीत पुन्हा एकदा असे दोनदा वजा झाले. त्यामुळे ४३.७० थोडे कमीच आले. उलट, ५२ टक्क्यांचा गुणाकार साऱ्या बिगरहिंदूंवर केला, त्यात हेच ख्रिस्ती आदिवासी आणि शीख दलित धरले गेले, त्यामुळे ८.४० थोडे जास्त झाले. १९३१ पासून सगळ्या जाती एकाच वेगाने वाढल्या हेही गृहीत आहे. आणि बिगरहिंदूंचे प्रमाण हिंदूंइतकेच, हे गृहीत म्हणजे धर्म आणि मागासलेपण यांचा संबंध नाही असे मानणे. रकान्याच्या आत काय आहे हे अजिबात ठाऊक नसेल तेव्हा वर सांगितलेले गणितही हेच मानते. त्या अर्थी आयोगाने नकळत पाठ्यपुस्तकातली कसोटी वापरली.

पण याच तक्त्याला एक वेगळा प्रश्न विचारता येत होता, आणि त्याचे उत्तर अधिक भक्कम आले असते. एकच आकडा निवडण्याऐवजी बंधने पाळणारी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी संख्या काढायची. बिगरहिंदूंत एकही मागास नाही असे धरले तर ४३.७०. सगळेच मागास धरले तर ५९.८६. आयोगाच्याच ओळी मान्य केल्या तर खरी संख्या या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असणार. ५२ वर वाद घालणाऱ्याला सांगता आले असते: तुम्ही म्हणाल ते किमान घ्या, ४३.७० घ्या, आणि शिफारस किती आहे ते पाहा. शिफारस २७ ची होती. पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००४-०५ च्या फेरीत हे प्रमाण सुमारे ४१ टक्के आले तेव्हा मंडल खोटा पडला म्हणून आनंद व्यक्त करणाऱ्यांनी ४१ आणि २७ यांची वजाबाकी केली नाही.

हे २७ कोठून आले? ते कोणत्याही मोजणीतून आलेले नाही. १९६३ च्या बालाजी खटल्यापासून आरक्षण साधारणतः पन्नास टक्क्यांच्या आत असावे असे न्यायालय म्हणत आले होते. अनुसूचित जाती-जमातींचे साडेबावीस वजा जाता साडेसत्तावीस उरतात. त्यात बसणारे २७. बंधन घालून कमाल शोधण्याच्या गणितात एक साधी खूण आहे. उत्तर कुंपणाला चिकटून आले तर समजावे की उत्तर कुंपणाने दिले आहे. अठराव्या शतकातल्या लाग्रांज या गणितज्ञाच्या नावाचा एक गुणक अशा वेळी कुंपणाची किंमत सांगतो, म्हणजे कुंपण एक हात मागे सरकवले तर किती फरक पडेल ते. कुंपण कोठेही असून उत्तर आतच राहत असेल तर ती किंमत शून्य. ५२ आणि २७ यांतले अंतर पाहता येथे ती शून्य नाही, हे सांगायला गणितज्ञ नको. १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने कुंपण पक्के केले. २०१९ मध्ये १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांना दहा टक्के दिले, त्यातून दलित, आदिवासी आणि मागासवर्गीय गरीब वगळले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते वैध ठरवले, आणि पन्नासची मर्यादा त्याच्या आड आली नाही. बिहारने २०२३ मध्ये अनुमान न करता सरळ मोजणी केली. अतिमागास ३६.०१, मागास २७.१२, अनुसूचित जाती १९.६५, जमाती १.६८, खुला वर्ग १५.५२. त्यावरून आरक्षण ६५ टक्क्यांवर नेले. जून २०२४ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने ते रद्द केले. कुंपण कोणासाठी लाकडाचे आणि कोणासाठी दगडाचे, हे या दोन निकालांत शेजारी शेजारी वाचता येते.

मंडल आयोगात अनुसूचित जातीचे एकच सदस्य होते, एल. आर. नाईक. त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. ‘इतर मागास’ हा एकच रकाना करू नका, मध्यम मागास आणि अतिमागास असे दोन करा, नाहीतर जमीन आणि बळ असलेल्या जाती लहान कारागीर जातींचा वाटा घेतील, हे त्यांचे म्हणणे. रकाना कोठे मोडायचा हा प्रश्न दलित सदस्याला दिसला, याचे आश्चर्य वाटू नये. २०१७ मध्ये नेमलेल्या रोहिणी आयोगाने केंद्राच्या नोकऱ्या आणि प्रवेश तपासले. २०१८ मध्ये बाहेर आलेल्या माहितीनुसार ९७ टक्के जागा मागासवर्गीयांतल्या एक चतुर्थांश जातींकडे गेल्या होत्या आणि ९८३ जातींच्या वाट्याला एकही जागा आली नव्हती. नऊशे त्र्याऐंशी शून्ये. ही योगायोगाची की रचनेची? पुस्तकी उत्तर असे की जात लहान असेल तर शून्य योगायोगानेही येते. शेकडो जातींत एकाच वेळी येते तेव्हा तो शब्द वापरणाऱ्याने थोडे थांबावे. आयोगाचा अहवाल जुलै २०२३ मध्ये सरकारकडे गेला.

लहान समूहांवर हे गणित सगळ्यांत निर्दय होते. रकान्यात माणसे थोडी असली की अनुमान डगमगते. ते स्थिर करण्यासाठी शेजारच्या मोठ्या रकान्याचा आधार घेतात. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्य आहे. पण पारधी, कैकाडी, वडार, डोंबारी यांना कोणाचा शेजार द्यायचा? ज्यांना गावाने कधी शेजार दिला नाही त्यांना तक्ता देतो, आणि तो देताना त्यांचे वेगळेपण, म्हणजे त्यांचे दारिद्र्यही, शेजाऱ्याच्या सरासरीत विरघळून टाकतो. भटक्या-विमुक्तांच्या चळवळीतल्या मित्रांनी या एका मुद्द्यावर संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गाठीशी धरले पाहिजे.

२०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जातगणनेचे जातीचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. ते का देता येत नाहीत हे केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रात सांगितले. १९३१ मध्ये ४,१४७ जाती होत्या, या वेळी ४६ लाखांहून अधिक नावे आली. महाराष्ट्रात अधिकृत याद्यांत ४९४ जाती; नोंदी ४,२८,६७७. त्यांतल्या ९९ टक्क्यांहून अधिक नावांखाली शंभराहून कमी माणसे. कोणी आडनाव सांगितले, कोणी पोटजात, कोणी कूळ, कोणी गावचा उच्चार. प्रगणकाने ऐकले तसे लिहिले. ही गोष्ट मोजणी अशक्य असल्याचा पुरावा म्हणून सांगितली गेली. ती खरे म्हणजे काम अर्धेच झाल्याची कबुली आहे. चार लाख नावे चारशे चौऱ्याण्णव रकान्यांत बसवणे हेही बंधनातले अनुमानच आहे: कोणते नाव कोणत्या नावाच्या सर्वांत जवळ, हे ठरवण्याची कसोटी लागते. आणि ज्या कागदावर ‘जवळ’ ठरते तो कागद प्रसिद्ध करावा लागतो.

पुढील जनगणनेत जातींची मोजणी करण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. तिचा संदर्भ दिनांक देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ आहे. तक्ते येतील तेव्हा बेरजा जुळलेल्या असतीलच. आपल्या अभ्यासवर्गांनी तळटिपांपासून वाचायला सुरुवात करावी. प्रगणकाच्या हाती जातींची यादी कोणती दिली होती, यादीत नसलेले नाव कोठे नेऊन बसवले, ‘इतर’मध्ये किती राहिले, आणि ख्रिस्ती व मुसलमान दलितांच्या रकान्यात शून्य आहे की रकानाच छापलेला नाही.